तुमचा बॉल टीवर नव्हे, ग्रीनजवळ ठरतो

प्रश्न असा आला आहे: “वय ४३, गोल्फ सुरू करून दीड वर्ष झालं, हँडिकॅप २२ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २२ जास्त). ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) नीट बसला तर १९०-२०० यार्ड जातो, पण बऱ्याचदा स्लाइस होतो, म्हणजे उजवीकडे वळत जातो. एका राउंडमध्ये चार-पाच बॉल हरवतात. आजवर कॅडी देतील ते जुने बॉल खेळलो. आता ऑफिसातले मित्र म्हणतात टायटलिस्टचा महागडा प्रो व्ही वनच घे. दुकानदार म्हणतो तुमचा स्विंग हळू आहे, कमी कॉम्प्रेशनचा मऊ बॉल घ्या. कुठला घेऊ?”

आधी सरळ उत्तर देतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. सध्या आयोनोमर (कडक, टिकाऊ प्लास्टिक) कव्हरचा, टू-पीस किंवा थ्री-पीस (दोन किंवा तीन थरांचा), मधल्या किमतीचा एकच बॉल निवडा. त्याचे दोन डझन एकदम घ्या आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही बॉलला हात लावू नका. राउंडला दोनपेक्षा कमी बॉल हरवायला लागले आणि ग्रीनजवळच्या (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) दहापैकी सात चिप, म्हणजे छोटे फटके, स्वच्छ लागायला लागले, की मऊ युरेथेन कव्हरच्या बॉलवर या. मित्र चुकीचे नाहीत, ते फक्त वर्षभर लवकर बोलले. दुकानदाराचं मात्र मला फारसं पटलेलं नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

मी पुण्यात गोल्फ शिकवतो, पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्याआधी येरवड्याच्या कोर्सवर कॅडी होतो. शाळा सुटली की नाल्यातले बॉल काढायचे, घासून पुसून विकायचे, हा आमचा पहिला धंदा. त्या काळी चांगल्या खेळाडूंकडे बलाटाचे बॉल असायचे. बलाटा म्हणजे झाडाच्या चिकापासून आलेलं मऊ कव्हर, आत रबराचा दोरा घट्ट गुंडाळलेला. आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब) जरा वर लागली की कव्हरला हसऱ्या तोंडासारखी चीर पडायची आणि साहेब तो बॉल फेकून द्यायचे. आम्ही ते फाटके बॉल ब्लेडनं कापून दोरा उलगडत बसायचो. लांबच लांब दोरा निघायचा, आणि काही बॉलच्या मधोमध द्रव भरलेली छोटी गोळी सापडायची. बॉलच्या आत काय असतं हे मी पुस्तकाआधी ब्लेडनं शिकलो.

ही आठवण सांगण्यामागे कारण आहे. तेव्हा खेळाडूला खरोखर एक गोष्ट सोडावी लागायची. बलाटा घेतला तर ग्रीनवर फिरकी मिळायची, पण बॉल टिकायचा नाही आणि ड्रायव्हरवरही (सगळ्यात लांब मारायचा क्लब) जास्त फिरकी घेऊन वर चढत राहायचा. सर्लिनच्या कडक कव्हरचा टू-पीस घेतला तर तो लांब जायचा, महिनोन्‌महिने टिकायचा, पण ग्रीनवर पडला की सिमेंटवर गोटी टाकल्यासारखा पळायचा. २००० साली हे चित्र पालटलं. त्या वर्षी पेबल बीचवर टायगर वुड्सनं यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली तेव्हा तो दोरा नसलेला, भरीव गाभ्याचा बॉल खेळत होता. ऑक्टोबरमध्ये लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही वन पहिल्यांदा व्यावसायिकांच्या टूरवर आला आणि त्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी आपला जुना बॉल सोडून तो घेतला. मोठा भरीव गाभा, त्यावर एक कडक थर आणि सगळ्यात बाहेर युरेथेनचं पातळ मऊ कव्हर. ड्रायव्हरनं जोरात मारला की गाभा आणि मधला थर काम करतात, फिरकी कमी राहते. वेजनं (जवळच्या फटक्यांचा, तिरप्या तोंडाचा क्लब) हळूच मारला की मऊ कव्हर वेजच्या खाचा आणि आतला कडक थर यांच्यात चिमटलं जातं आणि फिरकी धरतं. एकाच बॉलमध्ये दोन स्वभाव. दोऱ्याचे बॉल त्यानंतर बघता बघता दिसेनासे झाले.

म्हणून आज दुकानात वीस खोके दिसले तरी प्रश्न खरं तर एकच उरलाय: कव्हर युरेथेनचं की आयोनोमरचं? सर्लिन हा आयोनोमरचाच एक प्रकार. प्रो व्ही वन, टीपी फाइव्ह, श्रिक्सन झी-स्टार, ब्रिजस्टोन टूर बी, कॅलवेचे क्रोम मालिकेतले बॉल हे सगळे युरेथेनवाले. सुपरसॉफ्ट, ट्रूफील, सॉफ्ट फील, पिनॅकल ही आयोनोमरची मंडळी. पहिल्या गटातल्या बॉलमध्ये आपापसात फरक असतात, पण २२ हँडिकॅपला ते जाणवत नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या गटातला फरक मात्र डोळ्यांनी दिसतो. फक्त तो कुठे दिसतो हे माहीत हवं.

ड्रायव्हरला तो दिसत नाही. नियमानं बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सुरुवातीच्या वेगावर आणि एकूण अंतरावरही मर्यादा आहे. सगळ्या कंपन्या त्या मर्यादेला नाक लावून उभ्या आहेत. २०० यार्डांच्या ड्राइव्हमागे ताशी ८५ मैलांच्या आसपासचा स्विंग असतो. त्या वेगाला चांगल्या दोन बॉलमधला फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या यार्डांचा. तुम्ही एकदा क्लबच्या तोंडाच्या मधोमध आणि एकदा टाचेकडे मारलात तर त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. खोक्यावर ‘लॉन्गेस्ट’ लिहिलंय म्हणून बॉल घेणं म्हणजे डब्यावर ‘घरगुती चव’ लिहिलंय म्हणून लोणचं घेणं.

फरक दिसतो तो तीस-चाळीस यार्डांवरून ग्रीनवर पिच (उंच उडणारा आखूड फटका) मारताना. पूर्ण ताकदीच्या वेजला आयोनोमरचा बॉलही बऱ्यापैकी फिरकी घेतो. अर्ध्या, पाव स्विंगला मात्र तो घसरतो: वेजच्या तोंडावरून वर सरकतो, जास्त उंच निघतो आणि पडल्यावर पळतो. युरेथेनचा बॉल खालून निघतो, एक टप्पा घेतो, दुसऱ्या टप्प्याला अडखळतो आणि थांबतो. तुमच्या राउंडच्या ९५ फटक्यांमध्ये छत्तीस-अडतीस पट (ग्रीनवर होलकडे घरंगळवलेले फटके) असतील आणि ग्रीनच्या आसपासचे फटके पंधरा-वीस तरी असतील. ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बाहेर येतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बॉल निवडताना होलकडून मागे या: आधी पट, मग चिप, पिच, आयर्न, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकं उलटं होतं, कारण तिथे जाळीत मारायला ड्रायव्हर देतात, ग्रीन कुठून आणणार?

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं महिला गोल्फ पाहिलं असेल तर आठवेल. अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. त्या मैदानातल्या सगळ्यात आखूड ड्राइव्ह मारणाऱ्यांपैकी ती एक होती. चार दिवस जगातल्या अव्वल खेळाडूंशी तिनं बरोबरी केली ती वेज आणि पटरवर.

‘मग ग्रीनजवळ एवढा फरक पडतो तर मला आत्ताच युरेथेन का नाही?’ असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. दोन कारणं. पहिलं, ती फिरकी मिळवायला वेज आधी बॉलला लागावी लागते, मग जमिनीला. चिप मागून जमिनीत शिरत असेल किंवा बॉलच्या डोक्याला लागत असेल तर कव्हर कशाचंही असो, फिरकी शून्य. दहापैकी सात चिप स्वच्छ, ही अट मी त्यासाठीच घातली. दुसरं कारण पैशाचं, पण वाटतं तसं नाही. प्रीमियम बॉलचा डझन आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे एका बॉलला चारशेच्या वर. राउंडला चार-पाच हरवले तर पावणेदोन-दोन हजार झाडीत गेले. तुम्हाला कदाचित परवडेलही. पण समोर पाणी असलेल्या होलवर टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) उभं राहिलं की हाताला ते परवडत नाही. नवा कोरा महागडा बॉल पाण्यापलीकडे मारायच्या वेळी माणूस काय करतो हे मी हजारदा पाहिलंय: खिशात हात घालतो, जुना बॉल काढतो आणि ‘हा गेला तरी चालेल’ म्हणत खरंच पाण्यात घालतो. ज्या बॉलची भीती वाटत नाही तोच तुमचा बॉल.

आता कॉम्प्रेशन. दुकानदाराचं म्हणणं असं की हळू स्विंगवाल्याला कडक बॉल ‘दाबता’ येत नाही म्हणून तो लांब जात नाही. ऐकायला पटतं. पण क्लब आणि बॉल एकमेकांना भिडतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते, आणि तेवढ्यात प्रत्येक बॉल प्रत्येकाकडून दबतोच, कमी किंवा जास्त. कॉम्प्रेशनचा आकडा म्हणजे ठरावीक भाराखाली बॉल किती चेपतो त्याचं माप. सुपरसॉफ्टसारखे बॉल चाळिशीच्या आसपास, प्रो व्ही वन नव्वदीच्या आसपास. हे नियमात बसवलेलं माप नाही, यंत्र बदललं की आकडाही थोडा बदलतो. कंपन्यांचंही यावर एकमत नाही. ब्रिजस्टोननं स्विंगच्या वेगावरून बॉल जुळवण्यावर वर्षानुवर्षं भर दिला. टायटलिस्ट म्हणते वेगावरून बॉल निवडू नका, ग्रीनवरून सुरुवात करा. दोघांनाही आपापला माल विकायचा आहे हे गृहीत धरूनसुद्धा माझा अनुभव टायटलिस्टच्या बाजूनं पडतो.

मऊ बॉलचा एक खरा गुण सांगायला हवा. ड्रायव्हरवर त्याला फिरकी कमी मिळते, म्हणून तो थोडा कमी वळतो. पण हाच गुण हळू स्विंगवाल्याला कधीकधी महागात पडतो, आणि हे खोक्यावर कोणी छापत नाही. हवेत बॉलला वर धरून ठेवते ती उलटी फिरकी. क्रिकेटमध्ये टॉपस्पिन दिलेला चेंडू अचानक खाली बुडतो ना, त्याच्या बरोबर उलट. फिरकी फारच कमी असली आणि वेगही कमी असला तर बॉल धड चढतच नाही, दगड फेकल्यासारखा खाली येतो. साठीच्या पुढच्या काही शिष्यांना मी अतिमऊ बॉलवरून जरा जास्त फिरकीच्या बॉलवर आणलं आणि त्यांचे पाच नंबरच्या आयर्नचे फटके हवेत राहायला लागले. बायकांनाही हेच लागू. ‘लेडीज’ असं लिहिलेला गुलाबी बॉल घ्यायलाच हवा असं काही नाही. रंग आवडत असेल तर खुशाल घ्या.

‘मऊ लागतो’ हा जो अनुभव आहे त्यात मोठा वाटा आवाजाचा असतो. पटर लावल्यावर ‘टक्’ झालं की कडक वाटतो, ‘थप्’ झालं की मऊ. कानात कापूस घालून पट करून बघा, निम्मं मत बदलेल. तरी आवाज बिनमहत्त्वाचा नाही. पट करताना कानाला जे बरं वाटतं त्यावर हाताचा भरवसा बसतो.

स्लाइसबद्दल स्पष्ट सांगतो, बॉल बदलून तो जाणार नाही. स्विंगच्या वाटेच्या मानानं क्लबचं तोंड उघडं राहतं म्हणून फिरकीचा आस तिरका होतो, आणि बॉल उजवीकडे जातो. कमी फिरकीचा बॉल तीस यार्ड वळण्याऐवजी पंचवीस वळेल, झाडीत जाणारा झाडीच्या अलीकडच्या फांदीत जाईल. आपोआप सरळ जाणारा बॉल बनवण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९७० च्या दशकात झाला होता. पोलारा नावाचा बॉल, त्यावरच्या खळ्या सगळीकडे सारख्या नव्हत्या, त्यामुळे तो वळण रोखायचा. तिथल्या गोल्फ संघटनेनं बॉल सर्व बाजूंनी सममितच उडला पाहिजे असा नियम आणला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये संघटनेला चौदा लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊन तडजोड करावी लागली. नियम मात्र राहिला. सरळ जाणारा बॉल मिळतोच, फक्त त्याला घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. एक धडा तुमच्या पकडीवर घालवा, तो डझनभर बॉलपेक्षा स्वस्त पडेल.

त्या खळ्या शोभेच्या नसतात. गुळगुळीत बॉल खळ्यांच्या बॉलच्या जेमतेम निम्मं अंतर जातो, कारण खळ्या बॉलभोवतीचा हवेचा पातळ थर घुसळून त्याला बॉलला चिकटवून ठेवतात आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. साधारण ३०० ते ५०० खळ्या असतात. आकड्यावरून बॉल निवडू नका, पण खळ्यांत चिखल घेऊन खेळूही नका. आणि जुन्या बॉलचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

जुने बॉल दोन जातीचे. एक, सापडलेला, धुतलेला, प्रतवारी लावलेला. दुसरा, ज्याला पुन्हा रंग आणि लकाकी चढवलेली असते. दुसरा घेऊ नका. रंगाच्या थरानं खळ्या उथळ होतात आणि बॉल कसा उडेल याचा भरवसा राहत नाही. पहिला चालतो, आमचं तर पोट त्यावर चालायचं, पण पाण्यातून काढलेला बॉल आठवडाभर आत होता की वर्षभर, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. नखानं खरवडून बघा, कव्हर पिवळट किंवा फिकट तपकिरी पडलेलं असेल तर सरावाच्या पिशवीत. कॅडीकडून घ्यायचे असतील तर त्याला एकाच मॉडेलचे जमवून द्यायला सांगा. पोरं जमवून देतात, चार पैसे जास्त द्या.

कारण तुमची खरी चूक जुने बॉल खेळणं ही नाही. रोज वेगळा बॉल खेळणं ही आहे. कॅरम खेळणारा माणूस आपला स्ट्रायकर खिशात घालून येतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही एका षटकात टेनिस बॉल आणि सीझन बॉल आलटून पालटून कोणी टाकत नाही. आणि गोल्फमध्ये भले भले लोक पहिल्या होलवर प्रो व्ही वन, तिसऱ्यावर कुठल्याशा बँकेचा लोगो छापलेला, सातव्यावर झुडपात सापडलेला, असे खेळतात आणि मग चिप कधी आखूड, कधी लांब का जाते याचं नवल करतात. मी स्वतः यात पोळलोय. कॅडींच्या एका स्पर्धेत शेवटच्या होलला एका फटक्यानं पुढे होतो. सतराव्याला बॉल हरवला होता, पिशवीत सापडलेला कडक टू-पीस उरला होता. ग्रीनच्या कडेपासून रोजची चिप मारली, अगदी हवी तशी. ती होलला बगल देऊन ग्रीनच्या पलीकडे वाळूच्या बंकरमध्ये गेली. बक्षिसाला एक सायकल होती.

स्पर्धेत संपूर्ण राउंड एकाच मॉडेलचा बॉल खेळायचा नियम व्यावसायिकांना बहुतेक ठिकाणी असतो. तुम्हाला तो लागू नाही, दोन होलांच्या मध्ये बॉल बदलायला परवानगी आहे. तरी तुम्ही तो स्वतःला लावून घ्या.

आपल्या हवेचंही थोडं बघू, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये आपला पावसाळा नसतो. जून ते सप्टेंबर ग्रीन इतकं ओलं आणि मऊ असतं की बॉल पडतो तिथेच बसतो. त्या चार महिन्यांत युरेथेनची फिरकी बरीचशी वाया जाते. शिवाय वेज आणि बॉलच्या मध्ये ओलं गवत आलं की फिरकी तशीही कमी होते. माझे काही सभासद पावसाळ्यात मुद्दाम स्वस्त बॉल खेळतात. मी स्वतः ‘एकच बॉल’ म्हणणारा, तरी याला विरोध करत नाही, फक्त ऋतू बदलला की बॉल बदला, होल बदलला की नको. मातीत रुतलेला बॉल २०१९ पासूनच्या नियमांनुसार रफमध्येसुद्धा (कडेच्या उंच गवतात) दंडाशिवाय उचलता येतो, बंकर सोडून. पुष्कळांना हे अजून माहीत नाही आणि ते बिचारे चिखल उडवत बसतात.

याच्या उलट फेब्रुवारी ते मे. ग्रीन कडक, टप्पा उंच, पुढच्या कडेला पडलेला बॉल मागच्या कडेनं बाहेर. तुम्ही प्रामुख्यानं कडक ग्रीनवर खेळत असाल तर माझ्या ‘वर्षभर थांबा’ या सल्ल्यातले चार महिने कमी करा. थंडीत पहाटेचा टी-टाइम असेल आणि पारा दहाच्या खाली असेल तर बॉलचं रबर आखडतं, हवाही जड असते. एक क्लब जास्त घ्या आणि पुढच्या होलचा बॉल पँटच्या खिशात ठेवा. ऊन तापल्यावर तोच बॉल पुन्हा नेहमीसारखा जातो. मुंबईहून चेंबूरच्या कोर्सवर खेळणारे पाहुणे पुण्यात आले की ‘आज फार छान लागतंय’ म्हणतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, हवा थोडी विरळ, अंतर एक-दोन टक्क्यांनी वाढतं. मी ते सांगत नाही, पाहुणा खूश राहू दे.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी बॉल हरवतात म्हणून सांगतो. पिवळा बॉल दाट हिरव्या रफमध्ये पांढऱ्यापेक्षा लवकर दिसतो, विशेषतः ढगाळ दिवशी. एप्रिल-मेमध्ये बहाव्याखाली मात्र तो शोधून दाखवा! शोधायला आता पाच नाही, तीनच मिनिटं मिळतात.

आता निवड प्रत्यक्षात कशी करायची. दोन मॉडेल निवडा, तीनपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं फिरतं. एक आयोनोमरचा, एक मधल्या किमतीचा युरेथेन. टूर रिस्पॉन्स किंवा क्यू-स्टार टूर हे त्या मधल्या पायरीवरचे, आणि डेकॅथलॉनच्या इनेसिसमध्येही युरेथेनचा पर्याय असतो. मित्राच्या हट्टाला मान द्यायचा तर एक प्रो व्ही वन. प्रत्येकाची तीन बॉलची एक स्लीव्ह घ्या. आठवड्यातल्या एखाद्या शांत दुपारी चिपिंग ग्रीनवर जा. आधी वीस पावलांवरून दहा-दहा पट, डोळे मिटून आवाज ऐका. मग ग्रीनच्या कडेवरून दहा-दहा चिप. मग तीस यार्डांवरून पिच. बॉल पहिल्यांदा कुठे टेकला आणि तिथून किती पावलं पुढे गेला, एवढंच वहीत लिहा. सरासरी काढायला बसू नका, फक्त बघा कुठल्या बॉलची पावलं एकमेकांच्या जास्त जवळ आहेत. कमी पळणारा बॉल चांगला असं नाही, सारखा पळणारा चांगला. एखाद्याला पळणारी चिपच आवडते, त्यानं तीच खेळावी. यानंतर ज्या बॉलनं बाजी मारली तो घेऊन नऊ होल खेळा. ड्रायव्हरवर तो तुम्हाला घातक ठरत नाहीये ना, एवढंच बघायचं.

लॉन्च मॉनिटर (बॉलचा वेग आणि फिरकी मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण सरावाच्या रेंजवरच्या बॉलनं घेतलेले आकडे जमेस धरू नका. रेंजचे बॉल टिकण्यासाठी बनवलेले असतात, उडण्यासाठी नाही.

एवढं करून दोन्ही बॉलची पावलं सारखीच आली तर स्वस्त घ्या. तुमच्या टप्प्यावर तसं होण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा हीच चाचणी करा. ज्या दिवशी युरेथेनच्या ओळीतले आकडे वेगळे दिसायला लागतील त्या दिवशी तुमची चिप सुधारलेली असेल.

जपणुकीचं फार नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात. कार्टच्या रस्त्यावर आपटून खरचटलेला बॉल तो होल संपला की सरावाच्या पिशवीत टाका. पण एका होलच्या मध्येच बदलायचा तर तो चिरलेला किंवा तडकलेला असायला हवा, नुसतं खरचटणं किंवा रंग उडणं चालत नाही.

एक शेवटचं. प्रत्येक बॉलवर स्केच पेननं आपली खूण करा. दुसऱ्याचा बॉल मारलात तर दोन फटक्यांचा दंड आहे, आणि चौघांच्या एकाच गटात दोघांकडे ‘टायटलिस्ट ३’ असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तो ३ म्हणजे कॉम्प्रेशन किंवा दर्जा नव्हे, फक्त ओळखीचा आकडा आहे. पूर्वी मात्र आकड्याच्या रंगाला अर्थ असायचा: टायटलिस्टच्या बलाटावर काळा आकडा म्हणजे शंभर कॉम्प्रेशन, लाल म्हणजे नव्वद. नाल्यात काळ्या आकड्याचा सापडला की आम्ही दोन रुपये जास्त मागायचो.